शेपटीची हजेरी

मुलांनो, भूगोलाच्या तासाला तुम्ही राजधान्या पाठ करता ना? मग आज घरी गेल्यावर एक कोडं घाला पाहू! अशी कोणती राजधानी आहे, की जिथे बाहेरगावाहून एकही रस्ता येत नाही? बस नाही, आगगाडी नाही. जायचं तर विमानाने, नाहीतर बोटीने!

उत्तर आहे, जुनो. अमेरिकेतल्या अलास्का राज्याची राजधानी. तुम्ही म्हणाल, "मग ते बेटावर असेल." तसंही नाही बरं का! जुनो जमिनीवरच आहे. पण गावाच्या पाठीशी उभे कडे, कड्यांच्या माथ्यावर हजारो चौरस किलोमीटर पसरलेलं बर्फ, आणि पुढ्यात समुद्र. रस्ता काढायचा तरी कुठून? १८८० साली इथे सोनं सापडलं आणि गाव वसलं. आज वस्ती आहे जेमतेम बत्तीस हजारांची. पण उन्हाळ्यात एकेका दिवशी चार-चार, पाच-पाच अवाढव्य प्रवासी जहाजं धक्क्याला लागतात आणि गावात पाऊल ठेवायला जागा उरत नाही. हे प्रवासी आता सोन्यासाठी येत नाहीत. त्यांतले कितीतरी जण येतात ते देवमासे पाहायला.

त्या गर्दीत मे महिन्याच्या सुट्टीत मीही होते! माझा दादा नोकरीनिमित्त सिॲटलला असतो. त्याने आईला आणि मला बोलावून घेतलं आणि सात दिवसांच्या जहाजप्रवासाची तिकिटं काढली. दादा, वहिनी, आई, मी आणि माझा दहा वर्षांचा भाचरू. नाव निनाद. तो मला 'आत्या' म्हणतो, आणि दर पाच मिनिटांनी एक प्रश्न विचारतो.

आता, मी कोकणातली. शाळेच्या खिडकीतून समुद्र दिसतो. पण देवमासा? आपल्याकडे देवमासा पाहिला असं कुणी म्हणालं, तर बहुतेक वेळा तो किनाऱ्याला लागलेला असतो. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू रुतलं होतं, आठवतं? वन विभागाच्या माणसांनी आणि गावकऱ्यांनी रात्रंदिवस खटपट करून त्याला पुन्हा पाण्यात नेलं, पण ते वाचलं नाही. तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं, "बाई, जिवंत देवमासा कसा दिसतो?" मला सांगता आलं नव्हतं. कारण मीही पाहिला नव्हता.

लाँच निघाली

आमचं जहाज दुपारी एक वाजता जुनोला लागलं. उतरण्याच्या दारापाशी मोठ्या अक्षरांत पाटी होती : रात्री साडेनऊच्या आत परत या. जहाज कुणासाठी थांबत नसतं. एवढ्या वेळात जे पाहायचं ते पाहून घ्यायचं.

धक्क्यापासून बसने अर्ध्या तासावर ऑक बे नावाची खाडी आहे. इथे पूर्वापार राहणारे लोक त्लिंगित जमातीचे. त्यांच्या भाषेतल्या 'छोटं तळं' या अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडलं. वाटेत डाव्या-उजव्या बाजूला नुसती हिरवीगार झाडी, आणि मध्येच डोंगरांच्या फटीतून खाली उतरलेली मेंडेनहॉल हिमनदी. निळसर रंगाची. बर्फ पांढरं असतं असंच आपण चित्रात रंगवतो ना? जुनं, घट्ट दबलेलं बर्फ मात्र निळं दिसतं!

ऑक बेच्या धक्क्यावर आमची लाँच उभी होती. चाळीसेक माणसं बसतील एवढी. सुकाणूवर एक पिकल्या दाढीचे कप्तान, आणि माहिती सांगायला प्राणिशास्त्र शिकलेली एक ताई. हवा अशी गार, की मे महिना आहे हे सांगूनही खरं वाटू नये. आईने शालीवर शाल गुंडाळली होती. लाँच खाडीबाहेर पडली तशी खारट वाऱ्याची झुळूक आली आणि आई म्हणाली, "अगं, वास तर आपल्या जयगडच्या खाडीचाच!"

पहिला पाऊण तास काही दिसलं नाही. म्हणजे पुष्कळ काही दिसलं! पाण्यातल्या खुणेच्या तरंगत्या पिंपावर दाटीवाटीने झोपलेले समुद्रसिंह दिसले. देवदारासारख्या झाडाच्या शेंड्यावर पांढऱ्या डोक्याचा गरुड दिसला. पण देवमाशाचा पत्ता नव्हता. काही मंडळी घड्याळाकडे पाहू लागली. आता समुद्रात काय शाळेची घंटा वाजवून देवमाशांना बोलावता येतं?

आणि मग उजवीकडे, दूर, पाण्यातून वाफेचा खांब उठला. तीन-चार मीटर उंच. मागाहून आवाज आला. फुस्स!

"कुकरची शिट्टी पडली की गं!" आई म्हणाली.

साडेचार खेळपट्ट्या

देवमाशाला 'मासा' म्हटलं, तरी तो मासा नव्हे, हे तुम्ही शिकलाच असाल. त्याला आपल्यासारखी फुप्फुसं असतात. श्वास घ्यायला वर यावंच लागतं. आम्ही पाहत होतो तो हंपबॅक जातीचा देवमासा. हंपबॅक म्हणजे कुबड्या. खोल बुडी मारताना हा पाठीची अशी कमान करतो, की कुबड आल्यासारखं वाटतं. लांबी चौदा मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या एसटीपेक्षाही जास्त! वजन तीस टनांच्या घरात, म्हणजे सहा-सात हत्तींएवढं. आणि एवढा मोठा प्राणी खातो काय, तर बोटाएवढ्या कोळंबीसारखे जीव आणि लहान मासे. त्याच्या तोंडात दात नसतात. वरच्या जबड्याला झालरीसारख्या पट्ट्या असतात, आपली नखं ज्या पदार्थाची असतात त्याच पदार्थाच्या. तोंडभर पाणी घ्यायचं, झालरीतून गाळून टाकायचं, आणि मागे राहील ते गिळायचं. आपल्या चहाच्या गाळणीसारखंच!

तेवढ्यात निनाद ओरडला, "आत्या, दोन आहेत!"

खरंच, मोठ्या पाठीशेजारी एक छोटी पाठ वर आली होती. आई आणि पिल्लू. लहानसं 'फुस्स' मोठ्या 'फुस्स'च्या मागोमाग. लाँचवर एकच गलका झाला. सगळे त्या बाजूच्या कठड्याला आले. आणि नेमकं तेव्हाच कप्तानांनी लाँच थांबवली.

"जवळ घ्या ना!" कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या एकाने तिकिटाला किती पैसे मोजले तेही ऐकवलं. कप्तान शांतपणे म्हणाले, "इथून पुढे आपण जायचं नाही. तिला यायचं असेल तर ती येईल."

अलास्कात तसा कायदाच आहे. हंपबॅकच्या शंभर यार्डांच्या आत लाँच न्यायची नाही. त्याच्या वाटेत आधीच जाऊन उभंही राहायचं नाही. शंभर यार्ड म्हणजे किती? क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची असते. अशा साडेचार खेळपट्ट्या एकापुढे एक टाका. तेवढं अंतर. निनाद हिरमुसला. त्याला वाटलं होतं, हात लावता येईल!

मग त्या ताईने आम्हाला त्या आईची गोष्ट सांगितली. इथले बहुतेक हंपबॅक हिवाळ्यात हवाई बेटांच्या गरम पाण्यात जातात. अंतर साडेचार हजार किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतरसुद्धा त्याहून कमी भरेल! तिथे पिल्लं जन्माला येतात. जन्मतःच पिल्लू चार मीटरहून लांब असतं, एखाद्या मोटारीएवढं. पण तिथल्या गरम पाण्यात त्यांना खायला जवळजवळ काही मिळत नाही. आई कित्येक महिने उपाशी राहते, त्यातच पिल्लाला दूध पाजते, आणि मग पिल्लाला घेऊन महिना-दीड महिना पोहत इथे अलास्कात येते. म्हणजे आमच्यासमोर जी होती, ती लांबच्या उपासानंतर नुकती पानावर बसली होती. "जेवत्या माणसाला उठवू नये असं आपण म्हणतो ना," मी निनादला म्हटलं, "तसंच आहे हे."

ताईने पाण्यात एक माइक सोडला. पाण्याखालचा आवाज ऐकायचा माइक. सगळे कान देऊन उभे राहिले. देवमाशाचा आवाज काही आला नाही. आली ती नुसती घरघर. आमचं इंजिन तर हळू होतं, मग ही घरघर कुठली? दूरवरून येणाऱ्या आणखी दोन लाँचची! पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि लांबवर पोचतो. देवमासे एकमेकांना ओळखतात, हाका मारतात, ते आवाजावर. शेजारच्या वर्गात दंगा चालू असला की आपल्याला गुरुजींचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे तर उन्हाळाभर शेजारचा वर्ग चालूच असतो.

वीस मिनिटं झाली. त्या दोन लाँच येऊन पोचल्या तशी कप्तानांनी आमची लाँच वळवली. एकाच देवमाशापाशी अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबायचं नाही, असं तिथल्या बऱ्याच लाँचवाल्यांनी आपणहून ठरवून घेतलंय. कुणी कुरकुरलं, कुणी गप्प बसलं. आणि आम्ही दूर जात असतानाच त्या आईने पाठीची कमान केली. काळीभोर पाठ वर आली, खाली गेली, आणि मागून शेपटी उभी राहिली. पाण्याने निथळणारी, पंख्यासारखी पसरलेली. क्षणभरच. मग ती सरळ पाण्यात उतरली. चूळभरसुद्धा पाणी उडालं नाही!

निनादने दादाच्या कॅमेऱ्याचं बटण नेमकं त्या क्षणी दाबलं होतं.

एका शिक्षकाची वही

त्या शेपटीची गंमत आता ऐका. हंपबॅकच्या शेपटीखाली काळी-पांढरी नक्षी असते. कुणाची बरीचशी पांढरी, कुणाची जवळजवळ काळी, कुणावर ठिपके, कुणावर ओरखडे. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी प्रत्येकाची वेगळी. म्हणजे शेपटीचा फोटो असला, की देवमासा ओळखता येतो!

अलास्कात हे ज्यांनी पहिल्यांदा ध्यानात घेतलं, त्यांच्यात एक शाळामास्तर होते. चार्ल्स जुराझ. जुनोतल्याच शाळेत ते विज्ञान शिकवत. उन्हाळ्याची सुट्टी लागली की बायकामुलांना घेऊन बोटीवर मुक्काम हलवायचा आणि देवमासे पाहायचे, हा त्यांचा नेम. शेपट्यांचे फोटो काढायचे, कोण कुठे दिसला, काय खात होता, ते लिहून ठेवायचं. म्हणजे वर्गात मुलांची हजेरी, आणि सुट्टीत देवमाशांची! हंपबॅक आपली शिकार कशी करतात, यावरचा जुराझ पती-पत्नींचा लेख १९७९ साली छापून आला. त्यात एक चक्रावून टाकणारी रीत आहे. देवमासा माशांच्या थव्याखाली गोल फिरत बुडबुडे सोडतो. बुडबुड्यांचं जाळं तयार होतं, मासे त्यात कोंडतात, आणि तो आ वासून खालून वर येतो. आम्हाला काही ते दिसलं नाही, पण आमच्या लाँचवरच्या ताईने ते कैक वेळा पाहिलंय.

हजेरी घेतली की गैरहजर कोण, तेही कळतं. जुनोच्या वायव्येला ग्लेशियर बे नावाचा मोठा उपसागर आहे. १९७८ च्या उन्हाळ्यात तिथले देवमासे अचानक निघून गेले. बोटींची वाढलेली ये-जा हे त्याचं कारण असावं, असं जुराझ यांनी सांगितलं. त्यानंतर तिथे किती जहाजं जाऊ द्यायची, यावर बंधनं आली. आज तिथे दिवसाला दोनच मोठी प्रवासी जहाजं जाऊ शकतात.

१९७५ साली जुराझ यांच्या फोटोत एक मादी आली होती. शेपटीवर बर्फाच्या भुरभुरीसारखे पांढरे ठिपके, म्हणून तिचं नाव पडलं 'स्नो', म्हणजे हिम. पुढची पंचवीसेक वर्षं ती त्या भागात दिसत राहिली. २००१ च्या जुलै महिन्यात ती पाण्यावर तरंगताना सापडली. कवटी मोडलेली. एका प्रवासी जहाजाची धडक बसली होती. तिच्या पोटात पिल्लू होतं. तिचा सांगाडा २०१४ पासून ग्लेशियर बेच्या काठी मांडून ठेवलाय. नाकापासून शेपटीपर्यंत पुरा.

हे ऐकल्यावर निनाद बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "आत्या, तसल्याच जहाजातून आपण आलो ना? मग आपण यायलाच नको होतं का?"

दहा वर्षांच्या मुलाचा हा प्रश्न, पण लाँचवरचं कुणीही मोठं माणूस त्याचं उत्तर चटकन देऊ शकलं नसतं. मी त्याला मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. ग्लेशियर बेमध्ये देवमासे जिथे जमतात, तिथे आता जहाजांना वेग कमी ठेवावा लागतो. तासाला तेरा सागरी मैलांपेक्षा जास्त नाही. हळू चालणाऱ्या जहाजापासून देवमाशाला बाजूला व्हायला वेळ मिळतो. म्हणजे जायचंच असेल, तर कसं जायचं ते ठरवता येतं. पण प्रश्न तेवढ्यावर मिटत नाही. तो निनादने मनात ठेवावा, आणि तुम्हीही ठेवा.

सात हजार गैरहजर

निनादच्या फोटोचं काय झालं, ते सांगते. 'हॅपीव्हेल' नावाचं एक संकेतस्थळ २०१५ साली सुरू झालं. जगातल्या कुणीही, अगदी शाळकरी मुलानेसुद्धा, शेपटीचा फोटो तिथे पाठवायचा. तारीख आणि जागा लिहायची. संगणक ती नक्षी आधीच्या फोटोंशी ताडून पाहतो. निनादने घरी गेल्यावर फोटो पाठवला. काही दिवसांनी उत्तर आलं : ही मादी वहीत आधीपासून आहे, हिवाळ्यात हवाईच्या माऊई बेटापाशीही तिचा फोटो कुणीतरी काढलाय. म्हणजे ताईने सांगितलेली ती लांबलचक वाट आमच्याच देवमाशीने खरी करून दाखवली होती!

आता हिशेब पाहा. बेसुमार शिकारीमुळे उत्तर प्रशांत महासागरातले हंपबॅक हजार-दीड हजारांवर आले होते. १९६६ साली तिथे त्यांच्या व्यापारी शिकारीवर बंदी आली. मग संख्या वाढत वाढत २०१२ साली सुमारे तेहतीस हजार पाचशेवर गेली. केवढी आनंदाची गोष्ट! पण २०२१ साली ती सुमारे सव्वीस हजार सातशेवर आली. जवळजवळ सात हजार कमी. पाचांतला एक! २०१४ ते २०१६ या काळात त्या समुद्राचं पाणी फार तापलं होतं, आणि देवमाशांचं खाणं कमी झालं होतं. ही घट त्यामुळेच झाली असावी, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. आणि तो कशावरून केला? हजारो शेपट्यांच्या फोटोंवरून! त्यांतले कितीतरी तुमच्या-आमच्यासारख्या प्रवाशांनी काढलेले.

आपल्या अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं? हे देवमासे हवाईकरांसारखे दूर थंड समुद्रात जात नाहीत. बारा महिने इथेच राहतात. पण आहेत किती? शंभराच्याही आत असावेत, असा अंदाज आहे. ओमानच्या किनाऱ्यावर २०१७ साली शास्त्रज्ञांनी एका मादीच्या पाठीवर माग काढणारं यंत्र बसवलं. तिचं नाव 'लुबान'. अरबी भाषेत लुबान म्हणजे आपल्याकडे धुपाबरोबर जाळतात तो लोबान! ती लुबान समुद्र ओलांडून थेट भारताच्या पश्चिम किनाऱ्याला आली, आणि दक्षिणेकडे खाली गेली. आपल्यापैकी किती जणांना ते कळलं?

म्हणून जून महिन्यात शाळा सुरू झाल्यावर मी मुलांना निनादने काढलेला फोटो दाखवला आणि एक कोरी वही फळ्याखाली टांगली. समुद्रात कुणाला डॉल्फिन दिसला, कासव दिसलं, देवमाशाचा फवारा दिसला, की तारीख, वेळ, जागा आणि संख्या लिहायची. अंदाजाने वाढवून सांगायचं नाही. होडी घेऊन मागे लागायचं नाही. आणि एखादा प्राणी किनाऱ्याला लागलेला दिसला, तर गर्दी न करता मोठ्या माणसांना आणि वन विभागाला कळवायचं. तुमचं गाव समुद्रापासून लांब असेल, तर तळ्यावरच्या बगळ्यांची वही करा. नदीवरच्या खंड्याची करा. फवारा नसेल, पण पाहायला डोळे तर आहेत ना?

आमच्या मुलांनी वहीला नाव दिलंय 'समुद्राचा हजेरीपट'. पहिल्या पानावर एका मुलाने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलंय : 'जयगड. सकाळी सात. डॉल्फिन तीन. चौथा असेल, पण नीट दिसला नाही, म्हणून लिहिला नाही.'